सुकाणू नसलेला चंद्र

१३ सप्टेंबर १९९९. वार सोमवार, आणि त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. घरोघरी गणपती बसले, आरत्या झाल्या, मोदकांची ताटं रिकामी झाली. दिवेलागणीला आज्यांनी गच्चीवरच्या पोरांना दरवर्षीची ताकीद दिली : वर बघू नका रे, चंद्र दिसला तर नसत्या चोरीचा आळ येतो. पश्चिमेला चवथीची कोर होती. जिथे ढग नव्हते तिथे चुकून कोणाची नजर गेली असेल, तर ती कोर त्याला जागच्या जागी दिसली असणार.

टीव्हीवरच्या एका मालिकेच्या पंचांगाप्रमाणे मात्र चंद्र त्या रात्री तिथे असायलाच नको होता. 'स्पेस : १९९९' ही ब्रिटिश मालिका १९७५ साली पडद्यावर आली. तिच्यात हीच तारीख ठरलेली होती. चंद्राच्या पाठीमागच्या बाजूला साठवलेल्या अणुकचऱ्याचा १३ सप्टेंबर १९९९ला स्फोट होतो, चंद्र पृथ्वीच्या कक्षेतून उखडला जातो आणि त्याच्यावरच्या 'मूनबेस अल्फा' या तळावरची ३११ माणसं चंद्रासकट अंतराळात भिरकावली जातात. पहिल्या पर्वात प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ही तारीख पडद्यावर झळकायची. मालिका चालली दोन वर्षं, भाग झाले ४८, आणि १९७७च्या अखेरीस ती शेवट न करताच बंद पडली. माणसं भरकटली ती भरकटलेलीच राहिली.

अपयशी मालिकांना तोटा नाही. पण ही मालिका अपयशी ठरायचं वरवर पाहता काहीच कारण नव्हतं. गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन हे निर्माते दांपत्य म्हणजे ब्रिटनमधल्या पोराटोरांचं दैवत. 'थंडरबर्ड्स' ही त्यांची कळसूत्री बाहुल्यांची मालिका १९६५पासून गाजत होती. पैसा लू ग्रेड यांच्या आयटीसी कंपनीचा होता, आणि पहिल्या वर्षी इटलीच्या 'राय' या वाहिनीनेही वाटा उचलला होता. चित्रीकरण पाइनवूड स्टुडिओत झालं. पहिल्या २४ भागांसाठी नोव्हेंबर १९७३ ते फेब्रुवारी १९७५, म्हणजे सव्वा वर्ष कॅमेरे फिरत होते. यंत्रकरामतींचा प्रमुख ब्रायन जॉन्सन होता. कुब्रिकच्या '२००१' या चित्रपटावर काम केलेला हा माणूस पुढे 'एलियन'साठी ऑस्कर घेऊन गेला. 'स्टार वॉर्स'च्या तयारीच्या वेळी त्या चित्रपटाच्या लोकांनी त्याला विचारलं होतं, पण याच मालिकेत गुंतलेला असल्यामुळे त्याला नाही म्हणावं लागलं. त्याने घडवलेलं 'ईगल' यान आजही लोक घरी प्रतिकृती करून कपाटात ठेवतात. आणि योग्यच आहे. ते यान मालवाहू ट्रकसारखं दिसतं, धूळ खाल्लेलं, कामाचं. भविष्यातली वाहनं चकचकीत असतील या कल्पनेच्या बाहेर पडून कोणीतरी विचार केला होता.

तरी प्रेक्षक टिकला नाही. आला नाही असं नव्हे, आला आणि उठून गेला. अमेरिकेत तिन्ही मोठ्या वाहिन्यांनी मालिका नाकारल्यावर आयटीसीच्या न्यूयॉर्क कचेरीचे प्रमुख एब मँडेल यांनी ती गावोगावच्या स्थानिक केंद्रांना विकली, आणि कित्येक केंद्रांनी आपल्या मूळ वाहिनीचा कार्यक्रम बाजूला सारून ती लावली. सुरुवातीला लोकांनी उत्सुकतेने पाहिली. मग आकडे उतरत गेले. ब्रिटनमध्ये तर प्रादेशिक वाहिन्यांनी ती आपापल्या सोयीच्या वारी आणि वेळी दाखवली. त्यामुळे सगळा देश एकाच संध्याकाळी टीव्हीसमोर बसलाय आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत तिच्यावरच बोलतोय, असा योग तिच्या वाट्याला आलाच नाही.

का उठून गेला प्रेक्षक? सगळ्यात सोपं उत्तर आयझॅक असिमोव्ह यांनी लगेच देऊन टाकलं. मालिका अमेरिकेत सुरू होते न होते तोच सप्टेंबर १९७५च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून त्यांनी तिच्यातल्या विज्ञानाची सालं काढली. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे उत्तर ताबडतोब पटेल, कारण कथा कितीही उडो, तिचे पाय भौतिकशास्त्रावर हवेत ही आपली शिकवण. तेव्हा जरा हिशेब करून पाहू. मला या मालिकेवर राग नाही, पण हा हिशेब करायला मजा येते.

चंद्राचं वस्तुमान ७३५ वर २० शून्यं इतके किलो. तो पृथ्वीभोवती सेकंदाला सुमारे १ किलोमीटर वेगाने फिरतो. पृथ्वीच्या तावडीतून सुटायचं तर त्या अंतरावर हा वेग १.४ किलोमीटरच्या वर जायला हवा. एवढा फरक पाडायला लागणारी ऊर्जा काढली आणि माणसाने आजवर फोडलेल्या सर्वांत मोठ्या बॉम्बने, म्हणजे १९६१च्या ५० मेगाटनच्या सोव्हिएत 'त्सार' बॉम्बने तिला भागलं, तर उत्तर येतं सुमारे १८ हजार कोटी बॉम्ब. तेही त्यांच्या ऊर्जेचा एकूण एक अंश चंद्राला ढकलण्यातच खर्ची पडला असं धरून. प्रत्यक्षात पृष्ठभागावरच्या स्फोटातली बहुतेक ऊर्जा दगड वितळवण्यात आणि उधळण्यात जाते. म्हणून बॉम्ब त्याच्या कितीतरी पट लागतील, आणि तेवढे फोडले तर चंद्र हलायच्या आधी फुटेल. शिवाय अणुकचरा बॉम्बसारखा फुटत नाही. शिवाय स्फोट पाठीमागच्या बाजूला झाला, तर चंद्र ढकलला जाणार पृथ्वीच्या दिशेने! हे सगळं पोटात घातलं आणि चंद्र सूर्याच्याही पकडीतून निसटला असं मानलं, तरी पुढे काय? 'व्हॉयेजर-१' यानाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १७ किलोमीटरने गेलं, तर सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या अंतराएवढा पल्ला गाठायला ७५ हजार वर्षं लागतात. अल्फावरच्या लोकांना दर आठवड्याला एक नवा ग्रह भेटतो.

झालं. विज्ञानाची पार धूळधाण. आणि तरीही असिमोव्हांचं उत्तर अपुरं आहे, कारण या न्यायाने विज्ञानकथेतल्या निम्म्या यशस्वी मालिका चालायलाच नको होत्या. 'स्टार ट्रेक'चं यान प्रकाशाच्या कित्येक पट वेगाने जातं आणि तिथला परग्रहवासी अस्खलित इंग्रजी बोलतो. 'डॉक्टर हू'चा नायक तर पोलिसांच्या निळ्या खोक्यातून काळप्रवास करतो, आणि ते खोकं आतून बाहेरच्यापेक्षा मोठं आहे. १९६३पासून लोक हे मिटक्या मारत पाहताहेत. मारुतीने सूर्य गिळायला झेप घेतली हे ऐकताना सूर्याचं तापमान आपण विचारत नाही. प्रेक्षकाने चंद्राचं उखडणं पहिल्याच भागात मान्य केलं होतं. त्याला खटकलं ते त्यानंतरचं.

तो चंद्र उखडायची वेळ का आली, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. लेखकाच्या डोक्यात आलेली ही कल्पना नव्हे. ती विक्रीच्या टेबलावर जन्मली. अँडरसन दांपत्याची आधीची मालिका होती 'यूएफओ'. तिच्यात परग्रहवासीयांशी लढणाऱ्या संघटनेचं ठाणं चंद्रावर होतं, पण पुष्कळशी कथा पृथ्वीवर घडे. न्यूयॉर्कमध्ये तिला सुरुवातीला बरा प्रतिसाद मिळाला म्हणून दुसऱ्या पर्वाची तयारी सुरू झाली. चंद्रावरचे भाग लोकांना जास्त आवडतात असं दिसल्यामुळे चंद्राचं ठाणं मोठं करायचं ठरलं. मग आकडे घसरले आणि पर्व रद्द झालं. झालेली तयारी वाया जाऊ नये म्हणून तिच्यातून नवी मालिका काढायचं गेरी अँडरसन यांनी सुचवलं, तेव्हा न्यूयॉर्कची अट आली : पृथ्वी अजिबात नको. अमेरिकी प्रेक्षकाला अंतराळ हवंय, इंग्लंडमधल्या गावात चहा पीत बसलेली माणसं नकोत. अँडरसन म्हणाले, मग पृथ्वी उडवूनच टाकू. पृथ्वी नष्ट झालेली लोकांना रुचणार नाही, असं उत्तर आलं. तेव्हा तोड निघाली ती अशी की पृथ्वी राहू दे, चंद्रच जाऊ दे.

अट तर पाळली गेली. पण पृथ्वीबरोबर आणखी काय हातचं गेलं, हे त्या टेबलावर कोणाच्या ध्यानात आलं नसावं. घर गेलं. परत जायची वाट गेली. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दिशा गेली, कारण चंद्राला सुकाणू नसतं.

'स्टार ट्रेक'मध्ये यानाचा कप्तान कर्क खुर्चीत बसून हुकूम सोडतो आणि यान वळतं. तो संकटात सापडतो तो बहुधा स्वतःच्या निर्णयामुळे, आणि सुटतोही तसाच. अल्फाचा कमांडर जॉन कोनिग काहीही ठरवू शकत नाही. चंद्र जाईल तिकडे जायचं, जे पुढ्यात येईल ते भोगायचं. वाटेत राहण्याजोगा ग्रह लागला तर चंद्र त्याच्याजवळ असेपर्यंत उतरायचं, जमलं नाही तर तो मागे पडताना पाहायचा. नीट पाहिलं तर ही फार सुंदर आणि फार करुण कल्पना आहे. एसटीतून जाताना मागे पडणाऱ्या गावासारखा दर आठवड्याला एक जन्मभराचा ठाव मागे पडतो. एखाद्या कादंबरीकाराने तिचं सोनं केलं असतं. पण मालिका दर आठवड्याला प्रेक्षकाला बोलावते, आणि प्रेक्षक येतो तो 'आता हा काय करेल' हे पाहायला. अल्फावर त्याला 'आता यांचं काय होईल' एवढंच पाहायला मिळालं.

याचं टोक गाठलं आहे 'कोलिजन कोर्स' या भागाने. चंद्र एका प्रचंड ग्रहावर आदळणार आहे. कोनिग त्या ग्रहावरच्या आरा नावाच्या वृद्ध राणीला भेटतो. मार्गारेट लेटन यांनी ही भूमिका विलक्षण डौलाने केली आहे. ती सांगते की ही टक्कर व्हायलाच हवी, तिच्या लोकांनी लक्षावधी वर्षं तिची वाट पाहिली आहे. तुला एकच करायचं आहे : काही करायचं नाही. तिकडे तळावर प्राध्यापक बर्गमन सुरुंग पेरून टक्कर टाळायच्या खटाटोपात आहेत. कोनिग परत येतो, सगळे त्याला भ्रमिष्ट समजतात, आणि अखेरीस तो बंदूक रोखून आपल्याच माणसांना काहीतरी करण्यापासून अडवतो. मग चंद्र आणि ग्रह एकमेकांना शिवतात, ग्रह नाहीसा होतो, सगळे सुखरूप. एकटा भाग म्हणून हे चांगलं आहे, श्रद्धेवरचं छोटं नाटकच आहे. पण दर दोन-तीन आठवड्यांनी कुठलीतरी गूढ शक्ती येऊन या लोकांना सोडवते. 'ब्लॅक सन'मध्ये चंद्र कृष्णविवरात पडतो, कोनिग आणि बर्गमन हातात पेले घेऊन आयुष्याबद्दल बोलत बसतात, एक गूढ स्त्रीस्वर ऐकू येतो आणि चंद्र दुसऱ्या बाजूने बाहेर. तेही मला आवडतं. पण रोजच देव पावायला लागला की भक्ताचीही ओढ कमी होते, प्रेक्षकाचं काय घेऊन बसलात!

सुकाणू नसलं तरी चालतं, पण मग दिशा तरी हवी. 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' ही १९९५ची मालिका याचा उत्तम दाखला आहे. तिथलं यान ७० हजार प्रकाशवर्षं दूर फेकलं गेलं आहे, परतीला ७५ वर्षं लागणार आहेत. अवस्था अल्फाच्या जवळपास तितकीच वाईट. पण यानाचं तोंड घराकडे आहे. मालिका सात वर्षं चालली, कारण प्रत्येक भागाअखेर घर थोडं जवळ यायचं. अल्फावर दहावा भाग चौथ्याआधी लावला तरी काही बिघडत नाही, आणि केंद्रांनी ते भाग क्रमाची फारशी पर्वा न करता लावलेही. एखादा सहकारी या भागात मरतो आणि पुढच्या भागात त्याचं नावही कोणी काढत नाही. ३११ माणसांच्या वस्तीत! आपल्याकडच्या लहानशा वाडीत एक म्हातारा गेला तर वर्षभर त्याची आठवण निघते.

आता त्या माणसांकडे वळू.

प्रमुख भूमिकांत होते मार्टिन लँडाऊ आणि बार्बरा बेन, तेव्हा प्रत्यक्षातही पती-पत्नी. 'मिशन : इम्पॉसिबल'मुळे दोघं अमेरिकेत घराघरांत पोचलेले, आणि त्या मालिकेसाठी बेन यांना सलग तीन एमी मिळालेले. अमेरिकेत विकायचं तर अमेरिकी चेहरे हवेत हा लू ग्रेड यांचा हिशेब होता. सिल्व्हिया अँडरसन यांना ही निवड पसंत नव्हती, हे त्यांनी पुढे लपवून ठेवलं नाही. समीक्षकांनी दोघांना लाकडी म्हटलं. अँडरसन आधी बाहुल्या नाचवायचे, त्यामुळे दोऱ्या दिसत नाहीत एवढाच फरक आहे, असले विनोद ओघाने आलेच.

पण लँडाऊ लाकडी नट नव्हते. 'एड वूड' या १९९४च्या चित्रपटात म्हाताऱ्या बेला लुगोसीची भूमिका करून त्यांनी ऑस्कर मिळवलं. ज्याने ती भूमिका पाहिली आहे तो या माणसाला अभिनय येत नव्हता असं म्हणणार नाही. मग अल्फावर दोघंही अशी गोठल्यासारखी का वावरतात? मला वाटतं, त्यांना करायला काही दिलेलं नव्हतं. 'स्टार ट्रेक'मधले कर्क, स्पॉक आणि मॅकॉय हे तिघं कुठल्याही प्रश्नावर तीन तोंडांनी बोलतात, एकमेकांना टोचतात, रुसतात. कोनिग, डॉ. हेलेना रसेल आणि बर्गमन हे तिघंही समंजस, तिघंही गंभीर, आणि बहुतेक वेळा तिघांचंही एकमत. हळू आवाजात एकमेकांना दुजोरा देणारी तीन शहाणी माणसं. यांच्या पंगतीला बसून जेवण चांगलं होईल, तासभर पाहत राहणं कठीण. हेलेनाचा नवरा, बर्गमनचं यांत्रिक हृदय, कोनिगचं मागे राहिलेलं आयुष्य, हे सगळं अधूनमधून डोकावतं आणि परत दडपलं जातं. त्यात पोशाख बेज रंगाचे, विभाग ओळखायला फक्त डावी बाही वेगळ्या रंगाची. हे पोशाख रूडी गर्नराइख यांचे, ज्यांनी १९६४ साली उघड्या छातीचा पोहण्याचा पोशाख काढून जगाला हादरवलं होतं. अंतराळातल्या माणसांना मात्र त्यांनी शिशुवर्गाच्या झबल्यांसारखं काहीतरी दिलं.

अँडरसन यांच्या जुन्या सवयीचाही यात हात असावा. कळसूत्री बाहुलीला नीट चालता येत नाही. म्हणून 'थंडरबर्ड्स'मध्ये माणसं शक्यतो बसलेली असत आणि हालचाल यानं करत. गोष्ट वाहनांनी सांगायची हे तंत्र त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. इथेही ईगल उडतं, उतरतं, जळतं, कोसळतं, आणि प्रत्येक वेळी नजर खिळते. मग कॅमेरा आत जातो आणि आपण घड्याळ पाहतो.

पहिल्या पर्वात एक भाग मात्र असा आहे, की मालिका न आवडणाऱ्यालाही तो आठवतो. 'ड्रॅगन्स डोमेन'. टोनी चेलिनी नावाचा अंतराळवीर काही वर्षांपूर्वी तीन सहकाऱ्यांना घेऊन एका दूरच्या ग्रहाकडे गेला होता. वाटेत त्यांना निकामी यानांचं स्मशान लागलं, आणि तिथे लवलवत्या भुजांचा एक राक्षस होता. त्याने तिघांना ओढून गिळलं आणि त्यांची वाफाळती कलेवरं बाहेर फेकली. चेलिनी एकटा परतला. पण यंत्रांवर त्या राक्षसाच्या जिवंतपणाची कसलीच नोंद नव्हती, म्हणून कोणी विश्वास ठेवला नाही. अब्रू गेली, कामही गेल्यात जमा. आता इतक्या वर्षांनी, अल्फावर, त्याला जाणवतं की तो राक्षस जवळ आला आहे. लोक त्याला वेडा ठरवतात. तो ईगल पळवतो आणि कुऱ्हाड घेऊन एकटा त्याच्यावर चालून जातो.

लहानपणी हा भाग पाहून उशीत तोंड खुपसलेले लोक आज साठीच्या आसपास आहेत, आणि त्यांना तो राक्षस अजून आठवतो. राक्षस खरं तर फार काही खास नाही, एक मोठा डोळा आणि बरीचशी लवलव. काम करतो तो चेलिनी. त्याला काहीतरी हवं आहे : मी खोटं बोललो नव्हतो हे सिद्ध करायचं आहे. त्यासाठी तो नियम मोडतो, मित्राशी भांडतो, मरायला तयार होतो. ४८ भागांत इतकं काहीतरी हवं असलेला माणूस मला दुसरा आठवत नाही, आणि तोही एका भागापुरता पाहुणा.

पहिलं पर्व संपता संपता अँडरसन दांपत्याचा संसार मोडला आणि सिल्व्हिया मालिकेतून बाहेर पडल्या. दुसऱ्या पर्वाच्या दुरुस्तीला अमेरिकेहून फ्रेड फ्रायबर्गर आले. 'स्टार ट्रेक'चं तिसरं आणि शेवटचं पर्व त्यांच्याच हातचं, त्यामुळे मालिका बुडवणारा अशी त्यांची ख्याती झाली आहे. ती सगळी खरी नाही. 'स्टार ट्रेक'चा पैसा तोवर कापला गेला होता आणि वेळ शुक्रवारी रात्री दहाची होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर विमान पाडलं जाऊन हे गृहस्थ युद्धकैदी झाले होते. कैद निदान कधीतरी संपली, 'स्टार ट्रेक'ची शिक्षा पंचवीस वर्षांनीही चालूच आहे, अशा अर्थाचं ते म्हणत.

माणसं थंड आहेत हे रोगाचं निदान फ्रायबर्गर यांनी बरोबर केलं. औषध मात्र वरून लावलं. बर्गमन एकही शब्द न सांगता नाहीसे झाले. वर्षभर ज्यांच्यावर प्रेक्षकाचा जीव जडला असेल, ते गृहस्थ कुठे गेले हे पडद्यावर कोणी विचारलंही नाही. भव्य, उंच छताचा नियंत्रणकक्ष जाऊन जमिनीखालची कोंदट खोली आली. टोनी वर्देस्की नावाचा नवा साहाय्यक आला, आणि तो गाळत असलेली भयानक बीअर हा कायमचा विनोद झाला. कोनिग आणि हेलेना उघड उघड प्रेमात पडले. भाग कितीही प्रेतं पडून संपला तरी शेवटच्या मिनिटात सगळे हसायला लागले.

एक गोष्ट चांगली झाली : माया. सायकॉन ग्रहावरची, हवं ते रूप घेणारी, आणि कॅथरीन शेल यांनी अगदी मनापासून केलेली. बाप मेला, ग्रह डोळ्यांदेखत गेला, आणि ज्यांच्यामुळे हे घडलं त्यांच्यातच राहायचं. एवढं भांडवल दुसऱ्या कुठल्याही पात्राला नव्हतं. लेखकांनी तिचा उपयोग केला तो दर आठवड्याला वाघ, गोरिला आणि रबरी राक्षस दाखवण्यासाठी. 'द रूल्स ऑफ ल्यूटन' या भागात कोनिग आणि माया एका ग्रहावर एक फूल आणि फळ तोडतात, तर तिथली झाडं त्यांना खुनी ठरवून शिक्षा फर्मावतात. ही कथा फ्रायबर्गर यांनी टोपणनावाने लिहिली. ल्यूटन हे लंडनजवळचं एक साधंसुधं कारखान्यांचं गाव. त्याची पाटी रस्त्यात दिसली आणि नाव परग्रहाला शोभेल असं वाटलं, अशी कथा सांगतात. ब्रिटिश प्रेक्षकाच्या कानांना ते कसं लागलं असेल हे कळायला, 'इचलकरंजीचे नियम' असं नाव असलेला एखादा हॉलिवूडचा अंतराळपट डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्या पर्वाबद्दलची नाराजी लँडाऊ यांनी नंतर कधी झाकली नाही. मे १९७७मध्ये अमेरिकेत 'स्टार वॉर्स' लागला, आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यात अल्फाचा दिवा मालवला.

दोष सगळा सुकाणूच्या माथी मारून मोकळं व्हायला मला आवडलं असतं, पण २००९च्या 'स्टारगेट युनिव्हर्स'ने त्यात पाचर मारली आहे. तिथेही ऐंशीएक माणसं 'डेस्टिनी' नावाच्या प्राचीन, आपोआप चालणाऱ्या यानावर अडकतात आणि यान त्यांना जुमानत नाही. 'लाइट' या भागात ते सरळ एका ताऱ्यात घुसायला निघतं. कोणीच काही करू शकत नाही. छोट्या यानात फक्त काहींनाच जागा आहे, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या जातात, आणि आपण पाहतो की कोण कोणाचा निरोप घेतो, कोणाला जगायचंय, कोणाला फारसं नाही. अल्फाला जे दोन वर्षांत जमलं नाही ते इथे एका तासात जमतं. परिस्थिती हाताबाहेरची असली तरी माणसांच्या इच्छा हाताबाहेरच्या असायची गरज नसते. मग हीसुद्धा ४० भागांत का आटपली? एक तर 'स्टारगेट एसजी-१' या तिच्या थोरल्या बहिणीने २१४ भागांत प्रेक्षकाला हसतखेळत साहस पाहायची सवय लावली होती, आणि इथे रॉबर्ट कार्लाइलचा डॉ. रश सगळ्यांशी कपट करत अंधारात फिरतो. रश मला अतिशय आवडतो. पण त्याच्या घरी दर शुक्रवारी जायला सांगितलं असतं तर मीही टाळाटाळ केली असती. आणि शुक्रवारही टिकला नाही. वाहिनीने पहिल्या पर्वाच्या मध्येच चार महिन्यांची सुट्टी घेतली, दुसरं पर्व मंगळवारी नेलं, त्याचा उत्तरार्ध सोमवारी. मे २०११मध्ये तीही अर्धवट संपली : सगळे दीर्घ निद्रेत आणि एली नावाचा एक तरुण एकटा जागा.

अल्फाच्या लोकांना मात्र उशिरा का होईना, शेवट मिळाला. जॉनी बर्न या पहिल्या पर्वातल्या चांगल्या लेखकाने चाहत्यांसाठी सातेक मिनिटांची एक छोटी फिल्म लिहिली. सँड्रा बेनेसची भूमिका करणाऱ्या झिनिया मर्टन यांनी बावीस वर्षांनी पुन्हा तो पोशाख चढवला. तळ आता टिकणार नाही, म्हणून सगळे एका ग्रहावर वस्तीला निघाले आहेत. निघण्याआधी सँड्रा एकटी कॅमेऱ्यासमोर बसून पृथ्वीला निरोप पाठवते. इतकी वर्षं चंद्र नेईल तिकडे गेलेल्या या माणसांनी एकदाचं ठरवलं होतं, इथून उतरायचं.

ती फिल्म लॉस एंजेलिसमधल्या चाहत्यांच्या मेळाव्यात दाखवली गेली. तारीख अर्थातच १३ सप्टेंबर १९९९. तिथल्या आकाशातही त्या संध्याकाळी कोर होतीच, आणि तिच्याकडे पाहायला कोणाचीच मनाई नव्हती.